डाखकाका

डाखकाकांकडे गेलं की आधी चहा मिळत नाही, भिंग मिळतं. “बघ, डोकं फुगलंय का?” हा प्रश्न माझ्या डोक्याबद्दल नसतो, हे कळायला मला दोन भेटी लागल्या. जेवणाच्या टेबलावर ताटाच्या जागी हिरवा मदरबोर्ड मांडलेला असतो आणि काका त्यावरच्या बुटक्या नळकांड्यांची टाळकी तपासत असतात.

टेलिफोन खात्यातली नोकरी संपली, पण काकांच्या हातातली सोल्डरगन सुटली नाही. फुटकी किटली असो की मुका रेडिओ, दोन थेंब डाख दिला की झालं, हा त्यांचा धर्म. हल्ली या धर्मात एकच दैवत उरलंय : वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर. सोसायटीतले लोक तो भंगारात टाकतात आणि काका वॉचमनशी संधान बांधून वर आणतात.

“कॉम्प्युटर मरत नाही रे, कपॅसिटर मरतो. प्रोसेसरला जेमतेम दीड व्होल्ट लागतात, पण संथ लागतात. कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी. पालिकेचं पाणी कसंही फुसफुसत येऊ दे, घरातल्या नळाला धार एकसारखी. ती टाकीच आटली तर?”

“सोसायटीची मीटिंग,” मी म्हणालो. काका हसले नाहीत.

2000 सालानंतरच्या पाच-सात वर्षांत जगभरच्या बोर्डांवर हे कपॅसिटर धडाधड फुगले. आतल्या द्रावात पाणी असतं. त्यानं ॲल्युमिनियम खाऊ नये म्हणून जे औषध घालायचं तेच कमी पडलं आणि आत हायड्रोजन साठत गेला. जपानी कंपनीतून फॉर्म्युला चोरताना अर्धाच हाती लागला, अशी तेव्हापासूनची वदंता. काकू ती थोडक्यात सांगतात : “लोणच्याची कृती चोरली, मीठ लिहून घ्यायचं राहिलं. बरणी फसफसणारच.” टाळक्यावरची फुली म्हणजे बरणीनं कुठे फुटायचं ते आधीच ठरवून दिलेली जागा.

माझा बंद पडलेला पेंटियम फोर मी त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा सात टाळकी फुगलेली निघाली. एकावर तर तपकिरी साय धरली होती. काका तसेच उठले, चपला घातल्या आणि मला घेऊन तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हजर झाले.

“6.3 व्होल्ट, 1500 मायक्रोफॅरड, 105 डिग्री, लो ईएसआर. सात नग.”

दुकानदारानं 85 डिग्रीचे पुढे केले. “हे पण चालतंय, काका.”

“चालतंय चालतंय म्हणूनच हे दिवस आले!”

“त्यापेक्षा नवा कॉम्प्युटरच का घेत नाही?”

“तुमच्या वडिलांची दाढ दुखली तर नवे वडील आणता का?”

हवे ते मिळाले. सात नगांपेक्षा रिक्षाला जास्त गेले, आणि त्याबद्दल काका येताना सबंध रस्ताभर रिक्षावाल्याशी भांडले.

रात्री ऑपरेशन. काकू टॉर्च धरून उभ्या. ऋण पाय ज्या तांब्याला जोडलेला असतो ते तांबं सगळी उष्णता गिळून बसतं आणि जुना डाख ढिम्म हलत नाही. मग काका त्यावरच थोडा ताजा डाख चढवतात. “हट्टी माणसाला आधी गोंजारायचं, मग उठवायचं.” यावर काकू टॉर्च काकांच्या तोंडावर धरतात. भोक मोकळं करायला त्यांच्याच शिवणाच्या डब्यातली सुई लागते. राळेचा धूर घरभर होतो. “देवापुढे कधी धूप घातला नाहीत,” हे वाक्यही दर वेळी होतं.

पांढरा पट्टा ऋण बाजूला, असं काका प्रत्येक कपॅसिटरला तीनदा बजावतात. एकदा दोनदाच बजावलं होतं. तेव्हा शेजारच्या आजींनी दार वाजवून विचारलं होतं, “दिवाळी लागली का हो?”

चौदावा पाय कापून झाला. काकांनी बटण दाबलं. पंखा फिरला, ‘बीप’ असा एकच छोटा आवाज आला. पडद्यावर तारीख उमटली : 1 जानेवारी 2002. आतला नाण्याएवढा सेल केव्हाच मेला होता.

“बघ,” काका म्हणाले, “तारीख खरी असती तर तुझे सगळे केस परत आले असते.”

पुढे काय करायचं, ते मात्र दोघांनाही सुचेना. काका पत्त्यांचा एक डाव खेळले, हरले आणि त्यांनी कॉम्प्युटर रीतसर बंद केला. सगळं नीट चालू आहे म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरची रया गेली. मला वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी माझा नवा, सपाट, भारी लॅपटॉप काढून दाखवला.

काकांनी तो उलटसुलट केला. उघडायला स्क्रूसुद्धा दिसेना, तशी तोंड वाकडं केलं. मग त्यांचा अंगठा टचपॅडवर थबकला. पुन्हा फिरला. त्यांनी भिंग मागितलं.

“हे मधेच वर का आलंय?”

“दोन महिने झाले. क्लिक जरा जड जातंय, एवढंच.”

“बॅटरी फुगलीय, गाढवा! चार्जर काढ आधी. ही डाखाची गोष्ट नाही, भोसकलीस तर पेटेल.” आणि लॅपटॉप अलगद, न्हाऊ घातलेल्या बाळासारखा, टेबलावर ठेवून काकांनी आत हाक दिली, “अगं, चहा टाक! पाहुणा आलाय.”

चहा एकच कप आला. तो काकांनी लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवला आणि मी कुठे बसलोय याची चौकशी न करता स्वतःच पिऊन टाकला.