घाट चढेपर्यंत उतरायचं नाही

ओळख झाली की लोक आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग आडून आडून पगार. मास्तर विचारतात, "सध्या काय चालू आहे?" आपण म्हणतो, लावणी चालू आहे, नाहीतर मुलीच्या ॲडमिशनची धावपळ चालू आहे. मास्तर मान हलवतात. "ते नाही हो. वाचायला काय चालू आहे?" याला 'काही नाही' असं उत्तर देणारा माणूस जव्हारच्या एसटी स्टँडवरून सुटत नाही. त्याची गाडी सुटते, तो राहतो.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यातले. मूळचे खानदेशातले. नव्वदच्या आसपास जव्हार डेपोत लागले, तेव्हा दोन वर्षांत बदली करून घेतो म्हणत होते. बदली खरंच आली, तर यांनी खटपट करून ती रद्द करवली. कारण विचारलं तर सांगतात, "तीन कादंबऱ्या लोकांकडे अडकलेल्या. त्या सोडून कसा जाणार?" काकूंचं म्हणणं असं, की थोरल्याची दहावी होती.

वाचनाची सुरुवात मुक्कामी गाडीवर झाली. मोखाडा तालुक्यात शेवटच्या गावाला गाडी रात्री जायची ती सकाळीच परतायची. ड्रायव्हर जेवून मागच्या लांब सीटवर आडवा व्हायचा आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचा. मास्तरांना झोप नाही, कारण पावसाळ्यात टप नेमका त्यांच्याच डोक्यावर गळायचा. एकदा कुणीतरी प्रवासी सीटवर 'झाडाझडती' विसरून गेला. धरणाखाली गेलेल्या गावांची विश्वास पाटलांची कादंबरी, १९९२ चं साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालेली. सापडलेली वस्तू डेपोत जमा करायची असा नियम. मास्तरांनी तो पाळला, पण बॅटरीच्या उजेडात शेवटचं पान झाल्यावर. मग रोज संध्याकाळी डेपोत जाऊन "आला का कुणी न्यायला?" असं विचारत राहिले. कुणी आलं नाही. ज्या भागातून वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो, तिथे धरणाची कादंबरी बेवारस सापडावी, याला मास्तर आजही योगायोग मानत नाहीत.

त्यांची पुस्तकं मोजायची रीत त्या दिवसांतली. पानसंख्या त्यांना सांगता येत नाही, रूट सांगता येतो. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' म्हणजे जव्हार–नाशिक जाऊन येऊन. "तोरंगण घाटात सुरू करा, परत तिथे आलात की संपते." रंगनाथ पठाऱ्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' मुक्कामी. नेमाड्यांची 'हिंदू' मुक्कामी, शिवाय दुसऱ्या दिवशी रजा टाकायची. नेमाड्यांचा विषय निघाला की "ते आमच्याकडचे" हे वाक्य आलंच. सांगवी गाव आणि मास्तरांचं गाव यांच्यामध्ये सव्वा तालुका आहे, पण जव्हारला आल्यावर एवढं अंतर कोण बघतो.

वाचणारा मध्येच कुरकुरला, की त्यांचं एक वाक्य तयार असतं. "पहिली चाळीस पानं चढ असतो. घाट चढेपर्यंत उतरायचं नाही." मी एकदा विचारलं, "मास्तर, चाळीस पानांनंतरही चढच असला तर?" मास्तर गंभीर झाले. म्हणाले, "मग ती समीक्षकांची कादंबरी. ती मी सुचवत नाही."

कुणाला काय सुचवायचं, इथे मास्तरांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांच्या लेखी चांगली कादंबरी, वाईट कादंबरी असं काही नसतं. ही याची, ती त्याची. कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला अकादमीचं पारितोषिक जाहीर झालं ते २०२३ साल. मास्तरांनी ती नाशिकहून मागवली आणि थेट दूधवाल्याच्या हातात ठेवली. धरणामुळे उठलेल्या गावाची आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशीची ती गोष्ट. दूधवाल्याला सहावीनंतर पुस्तक शिवलेलं नव्हतं. महिनाभर तो मास्तरांना चुकवून मागच्या आळीने दूध घालत होता. एके दिवशी स्वतःच स्टँडवर आला, कॅन खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हशीचं बरोबर लिहिलंय. माणसांचं जरा जास्त लिहिलंय." मास्तरांना हा अभिप्राय इतका आवडला, की हल्ली ते प्रत्येक कादंबरीवर तोच देतात.

कविता महाजनांची 'ब्र' त्यांनी एका सरपंचताईंना दिली. संस्थेत काम करणारी प्रफुल्ला, आदिवासी भागातल्या बायका, त्यातल्या सरपंच झालेल्या, आणि त्यांच्या खुर्चीवर बसू पाहणारे नवरे, दीर, गावपुढारी हे सगळं त्यात आहे. ताईंनी पावसाळाभर वाचली. भादव्यात भेटल्या तेव्हा मास्तरांनी विचारलं, "कशी वाटली?" ताई म्हणाल्या, "मला काय नवीन त्यात? ग्रामसेवक भाऊसाहेबांना दिलीय वाचायला." ती प्रत अजून भाऊसाहेबांकडे आहे. मास्तर तगादा लावत नाहीत. "असू दे. त्यांना चाळीस पानं जड जात असतील."

बोहाड्याच्या दिवसांत वाचनाचा विषय काढू नये एवढं इथल्या कुणालाही कळतं. रात्रभर सोंगं नाचतात, संबळ वाजतो, दिवसा गाव झोपतं. मास्तरांनी तिथेही प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' नेली आणि रावणाचं सोंग घेणाऱ्या गड्याला, मुखवटा उतरवून तो घाम पुसत असताना, कळसूत्री बाहुल्यांचा विषय समजावून दिला. गड्याने ऐकून घेतलं. "बाहुली काय न् मुखवटा काय," तो म्हणाला, "घाम आतल्याला." मास्तर ते वाक्य आता बांदेकरांचं म्हणून सांगतात.

मात्र मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'चं नाव काढलं, की मास्तर क्षणभर गप्प होतात. आश्रमशाळेतल्या नववीच्या एका पोराला त्यांनी ती दिली होती. आणीबाणीच्या काळातली नववीतली मुलं, जोशी, सुऱ्या, चित्रे, आणि ती शिरोडकर. पोरगा म्हणाला, "यांच्यात कुणीच सुट्टीत कामाला कसं जात नाही?" दिवाळीनंतर त्याचं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलं, तोही गेला, पुस्तकही गेलं. मास्तरांनी वहीत त्या नावापुढे फुली मारली नाही. पावसाच्या तोंडावर लोक परतले, तसं पुस्तक परत आलं. पानांच्या कडा लाल झालेल्या, मध्ये खूण म्हणून विटांच्या हिशेबाची चिठ्ठी. मास्तर ती प्रत आता कुणाला देत नाहीत. 'शाळा' मागणाऱ्याला दुसरी देतात.

वहीचं सांगायचं राहिलं. तिला ते वेबिल म्हणतात. पुस्तकाचं नाव, कुठे चढलं, कुठे उतरणार, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरे त्रोटक असतात. 'प्रवासी झोपला.' 'खोडाळ्यापुढे गेली, संपर्क नाही.' 'सासूने घेतली.' एका बँकेतल्या साहेबांपुढे नुसतं 'विनातिकीट' लिहिलंय. साहेबांनी न वाचताच 'छान आहे' म्हणून पुस्तक परत केलं होतं आणि मास्तरांनी तोंडी परीक्षेत त्यांना पकडलं. ही तोंडी परीक्षा चुकत नाही. मास्तर प्रश्न भोळेपणाने टाकतात, "शेवटी ती जाते का हो गाव सोडून?" ती जातही नसते आणि तिचं गावही नसतं.

याउलट आपण काही सुचवायला गेलो, तर मात्र मास्तरांचा चेहरा बदलतो. पुस्तक हातात घेतात, उलटतात, मागची किंमत बघतात आणि म्हणतात, "ऐकलंय मी हिच्याबद्दल." पुढे विषय पावसावर. दुसऱ्याने सुचवलेलं वाचणं त्यांना कमीपणाचं वाटतं. आयुष्यभर दुसऱ्यांना तिकीट फाडून दिलेल्या माणसाने स्वतःचं तिकीट काढायचं म्हणजे काय?

त्यांचे खरे प्रतिस्पर्धी हायस्कूलचे निवृत्त गुरुजी. गुरुजींचं ठाम मत असं, की १९६७ साली 'मृत्युंजय' आली आणि मराठी कादंबरीचं काम संपलं. त्यानंतरचे लेखक उगाच शाई वाया घालवतात. टपरीवर रोज सकाळी हा खटला चालतो. एकदा गुरुजींनी पेच टाकला, "समकालीन म्हणजे कोण, ते तरी सांगा." मास्तर म्हणाले, "ज्याला पोस्टकार्ड टाकलं तर उत्तर यायची आशा आहे तो." गुरुजींना हेच हवं होतं. "मग तुमचे ते नंदा खरे? ज्यांनी अकादमीचं पारितोषिक घेतलं नाही, ते? २०२२ च्या जुलैत गेले की." टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. मास्तरांनी चहा बशीत ओतला, प्यायला, बशी खाली ठेवली. "त्यांची कादंबरी कुठली? 'उद्या'. उद्या अजून यायचाय ना? मग समकालीनच." गुरुजींनी त्या दिवशी दोघांच्या चहाचे पैसे दिले. वाचली मात्र अजून नाही.

पावसाळ्यात दाभोसा बघायला मुंबई-नाशिकचे लोक येतात, भिजलेले, भजी शोधणारे. मास्तर त्यांनाही सोडत नाहीत. स्टँडवर पडलेलं मशीनचं तिकीट उचलून त्याच्या मागे बॉलपेनने कादंबरीचं नाव लिहून देतात. मी म्हटलं, "मास्तर, ही चिठ्ठी कोण जपतं?" मास्तरांनी पाकिटातून स्वतःचं एक जुनं तिकीट काढून दाखवलं. त्या कागदावर छापलेलं भाडं, तारीख, गाव सगळं उडून कोरं झालेलं, आणि मागचं निळं अक्षर शाबूत. "महामंडळाचं उडतं," ते म्हणाले. "आपलं राहतं."

या सगळ्या कारभाराला एक सेन्सॉर बोर्ड आहे. काकू. मास्तर पिशवी भरत असले की काकू स्वयंपाकघरातूनच विचारतात, कुणाकडे काय चाललंय. एकदा ते 'बारोमास' घेऊन निघाले होते. सदानंद देशमुखांची, कर्जात बुडणाऱ्या शेतकरी घराची. काकूंनी घराचं नाव ऐकलं आणि पिशवीतून पुस्तक काढून घेतलं. "त्या घरात आता हे न्यायचं नाही. वर्ष जाऊ दे." मास्तर वाद घालायला लागले, की साहित्य माणसाला बळ देतं वगैरे. काकू म्हणाल्या, "बळ नंतर. आधी पापड घेऊन जा." मास्तर पापड घेऊन गेले. तिथे ते पुस्तकाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, तासभर बसले, नागलीच्या पिकाबद्दल बोलले आणि परत आले. वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: 'फेरी रद्द.'

२०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप पेटला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. पगार बंद. मास्तरांची नोकरी थोडीच उरली होती. त्या महिन्यांत ते रोज स्टँडवर येऊन बसायचे आणि 'सातपाटील' वाचायचे. सातशे वर्षांचं एक कूळ, पिढ्यांमागून पिढ्या. संपातले बाकीचे लोक सुरुवातीला हसले. मग कुणीतरी म्हणालं, मोठ्याने वाचा. मग भत्ता, विलीनीकरण आणि सातपाटील असे तीन विषय बरोबरीने चालले. एक मेकॅनिक अजून मला अडवून विचारतो, "ते घराणं शेवटी कुठं पोचलं?" मी त्याला मास्तरांकडे पाठवतो. मास्तर त्याला सांगत नाहीत. "वाच," म्हणतात.

आता मास्तर निवृत्त आहेत, तरी सकाळची पहिली मोखाडा गाडी लागायच्या आत स्टँडवर हजर असतात. त्या गाडीवर हल्ली एक कंडक्टर ताई असते, तरुण, मशीन गळ्यात, ओढणी घट्ट बांधलेली. मास्तरांनी तिला पहिल्याच आठवड्यात गाठलं. "सध्या काय चालू आहे?" ताईने पिशवीतून देवा झिंजाड यांची 'एक भाकर तीन चुली' काढली आणि त्यांच्याच हातात दिली. "तुम्ही वाचलीय का, मास्तर? वाचा. पण परत द्या हां."

मास्तरांनी मागची किंमत बघितली. म्हणाले, "ऐकलंय मी हिच्याबद्दल." पण पुस्तक परत दिलं नाही. त्या रात्री त्यांच्या खिडकीत दीड वाजेपर्यंत दिवा होता, असं शेजारच्यांनी सांगितलं. सकाळी ताईने विचारलं तर "बरी आहे" एवढंच. दुपारी मी टपरीवर गेलो तेव्हा मास्तर गुरुजींसमोर हात नाचवत उभे होते. "गुरुजी, एक कादंबरी शोधलीय मी. तुमचा कर्ण विसराल."

चौथ्या दिवशी ताईने गाडीच्या पायरीवरूनच हाक मारली. "मास्तर, माझी प्रत?"

"मोखाड्याला गेलीय."

"कुणाकडे?"

मास्तरांनी खिसा चाचपला, मग दुसरा चाचपला, मग पिशवी. "असं तोंडी नाही सांगता येणार," ते म्हणाले. "वेबिल बघावं लागेल."

ताईने डबल बेल दिली.