बाप्पाचे सोळा रंग

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या मागल्या गल्लीत, एका मामांचा छोटा छापखाना आहे. १६३८च्या सुमारास शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी माणूस या शहरात मुरलेला. बाजारात तो कन्नड बोलतो, शेजाऱ्याशी दख्खनी, पण घरच्या लग्नाची पत्रिका अजून 'आमचे येथे श्रीकृपेकरून'नेच सुरू होते.

या पत्रिकांचे सगळे साचे मामांच्या पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या युनिकोडपूर्व फाँटात आहेत. ती फाइल नव्या संगणकात उघडली, की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि टिंबं-टोप्या नाचू लागतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. त्याला मानवणाऱ्या विंडोज एक्सपीचा हात मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४मध्ये सोडला. मामांनी दोघांचाही सोडला नाही.

जुना संगणक एका पावसाळ्यात कायमचा निजला. मग आयटीतल्या भाच्याने आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम, टाकलं आणि त्यात एक्सपी बसवलं. यूट्यूबवर कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं, म्हणून ग्राफिक्स कंट्रोलर 'व्हीएमएसव्हीजीए' ठेवला.

पत्रिका उघडली. शेंदरी गणपतीच्या अंगावर हिरवे ठिपके, सोंडेवर जांभळा पट्टा. खिडकी इतकी तोकडी, की वराचे आईवडील दिसले तर वधूचे बाहेर.

"अरे, बाप्पाला गोवर आलाय काय?"

"मामा, ड्रायव्हरचा घोळ आहे. थांबा जरा."

शिवाजीनगरात एखादं यंत्र अडलं आणि सल्ला मिळाला नाही, असं होत नाही. गाड्यांचे जुने सुटे भाग विकणारा शेजारी डोकावला, गणपतीकडे पाहून त्याने मान हलवली. "कार्ड गया. बदल डालो." भाचा समजूतदारपणे हसला. हे कार्ड खरं नसतंच, प्रोग्रामने घेतलेलं सोंग असतं, हे याला कोण समजावणार?

पण निदान अचूक होतं. व्हीएमएसव्हीजीए हे व्हीएमवेअरच्या कार्डाचं सोंग. व्हर्च्युअलबॉक्स ते लिनक्ससाठी आपणहून निवडतं. विंडोज ७पासून पुढच्यांसाठी व्हीबॉक्सएसव्हीजीए, आणि एक्सपीसारख्या ज्येष्ठांसाठी साधं व्हीबॉक्सव्हीजीए. ओळखीचं कार्ड दिसलं नाही, की एक्सपी थेट आयबीएमच्या १९८७च्या व्हीजीएवर उतरतं: ६४० बाय ४८० ठिपके, रंग सोळा. त्यात शेंदूर बसत नाही.

भाचा कार्ड बदलायला गेला, तर सेटिंगमधला तो रकाना करडा. मामांनी खिडकी मिटताना 'सेव्ह स्टेट' निवडलं होतं, म्हणजे एक्सपी बंद नव्हतं, पेंगत होतं. त्याला उठवून रीतसर शटडाउन केलं, तेव्हा रकाना उघडला. कार्ड बदललं, व्हिडिओ मेमरी वाढवली, गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे या सोंगाचे ड्रायव्हर, टाकल्या, रीस्टार्ट. गोवर उतरला. वधूपक्षही पडद्यावर आला.

तासाभराने नवीनच रड. पान सरकवलं, की जुन्या ओळींची शेपटं मागे राहायची आणि एकाच मुहूर्ताचे तीन मुहूर्त दिसायचे. आता भाचा सावध होता. त्याने एक्सपीच्या आतूनच प्रिंट स्क्रीन घेतला आणि ते चित्र बाहेर नेऊन पाहिलं. चित्र स्वच्छ. एक्सपीच चुकीचं रेखाटत असतं, तर दोष चित्रातही उतरला असता. म्हणजे एक्सपीचं रेखाटन निर्दोष, गडबड बहुधा लॅपटॉपच्या बाजूला.

तेवढ्यात मामांनी खिडकीच्या तळाशी, चिन्हांच्या रांगेत बोट ठेवलं. "हे कासव कशाला रे?"

खरंच कासव होतं. हिरवं, इवलंसं. लॅपटॉपमधल्या विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही आधीच प्रोसेसर अडवून बसलं असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या आडून काम करावं लागतं आणि गती मंदावते. हे सांगायला बनवणाऱ्यांनी चक्क कासव ठेवलंय. भाच्याने हायपर-व्हीला जागं ठेवणारी 'मेमरी इंटिग्रिटी' बंद केली. सुरक्षेचं एक कवच उतरवलं म्हणून त्या लॅपटॉपचं इंटरनेटही तोडलं. शिवाय लॅपटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर नवा केला. कासव गेलं, शेपटं गेली, मुहूर्त एकावर आला.

मामांनी चष्मा पुसून काना-मात्रा तपासल्या. मग कपाटातून जुन्या प्रिंटरची पॅरलल पोर्टची केबल काढली, तळहाताएवढ्या रुंद पिनची, आणि लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"ही कुठे खुपसायची रे?"