नाक मुठीत धरून लास वेगास

लास वेगासमध्ये पैसे न हरण्याचा एक खात्रीचा उपाय आहे: खेळू नये. धुराला मात्र तो लागू पडत नाही. कॅसिनोतला सिगारेटचा धूर न खेळणाऱ्यालाही खेळणाऱ्याइतकाच मिळतो, कारण तो वाटताना कोणी चिप्स मागत नाही. सुटीवर आलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या आणि जुगारातही बेताचाच रस असलेल्या माणसाने हा धूर कसा टाळावा, हा प्रश्न म्हणून पत्त्यांच्या कोणत्याही डावापेक्षा किचकट आहे. ग्रँड कॅन्यनच्या आगेमागे दोन रात्री वेगासला मुक्काम करणाऱ्या मराठी पर्यटकापुढे तो हमखास उभा राहतो, आणि तोही बहुधा पहिल्याच संध्याकाळी, दोन्ही हातांत बॅगा असताना.

कायद्याची मदत इथे थोडीच होते. नोव्हेंबर २००६ मध्ये नेवाडा राज्याच्या मतदारांपुढे धूम्रपानाविषयीचे दोन प्रस्ताव एकाच वेळी ठेवले गेले. एक सौम्य होता, दुसरा कडक. सौम्य पडला, कडक मंजूर झाला आणि उपाहारगृहे, मॉल, सिनेमागृहे, वाणसामानाची दुकाने यांतली सिगारेट गेली. पण जो कडक होता, त्यातही कॅसिनोच्या जुगाराच्या मजल्याला सूट होतीच. नेवाडात किराणा दुकानातही स्लॉट मशीन असतात. तेव्हा दूध-पाव घ्यायला आलेला माणूस तिथे जाता जाता खेळायला बसला, तर त्याला सिगारेट विझवावी लागते. तोच माणूस कॅसिनोत त्याच जातीच्या मशीनसमोर बसला, तर त्याच्यापुढे अ‍ॅशट्रे तयार असतो. कॅसिनोच्या पोटातले रेस्तराँ कायद्याने धूरमुक्त असते, पण पुष्कळदा त्याला जुगाराच्या बाजूने भिंतच नसते. शेजारी बोंबील तळत असताना आपल्या दारावर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी लावावी, तशी ही व्यवस्था आहे.

धुराचा खरा आधार मात्र कायद्यापेक्षा बांधकामात आहे. वेगासच्या बहुतेक मोठ्या हॉटेलांत रिसेप्शन एका टोकाला, खोल्यांकडे नेणाऱ्या लिफ्ट दुसऱ्या टोकाला आणि मधे कॅसिनो असतो. झोपायला जायचे, नाश्त्याला जायचे, शो बघायचा, टॅक्सी पकडायची, तरी वाट त्याच मजल्यावरून. ही वाटही सरळ नसते. बिल फ्रीडमन या जाणकाराने कॅसिनोच्या रचनेवर २००० साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. बुटके छत, चक्रव्यूहासारख्या गल्ल्या आणि पावलापावलाला मशीन असले की माणूस जास्त रेंगाळतो, असे त्याचे प्रतिपादन होते. बुटक्या छताखाली धूरही रेंगाळतो; त्याला वेगळे पटवावे लागत नाही. त्याआधी, १९९८ साली उघडलेल्या बेलाजिओ कॅसिनो-हॉटेलात ते उभारणारे स्टीव्ह विन आणि त्यांचे अंतर्गत सजावटकार रॉजर थॉमस यांनी नेमका उलटा मार्ग धरला होता: उंची, झुंबरे, मोकळीक. ही मोकळीक पाहुण्याला ऐश्वर्य वाटावे म्हणून होती. फुफ्फुसांना थोडा लाभ झाला असेल, तर तो अनवधानाने.

लहान मुलांबाबत नियम विशेष मननीय आहे. एकवीस वर्षांखालील कोणालाही जुगाराच्या मजल्यावर थांबता येत नाही, फक्त ओलांडून जाता येते. नातवाने रूलेटच्या चाकाकडे पाहत पाऊल रोखले की सुरक्षारक्षक हटकतो. त्या चाकाचा मुलाच्या मनावर काय परिणाम होईल याची राज्याला काळजी आहे. धुराला वयाची अट नाही.

धूर करणाऱ्यांची सोय यंत्रांनीही पाहिली आहे. जुन्या स्लॉट मशीनला बाजूला दांडा असे आणि तो ओढायला एक हात खर्ची पडे. आता एका बोटाने बटण दाबले की झाले. उरलेला हात रिकामा राहतो, आणि कॅसिनोत रिकाम्या हाताला काम शोधावे लागत नाही. शिवाय सिगारेट पेटली म्हणजे ओढलीच जाते असे नाही. खेळात गढलेला माणूस ती दोन बोटांत किंवा अ‍ॅशट्रेच्या खाचेत विसरतो आणि ती स्वतःच्या जबाबदारीवर जळत राहते. दोन झुरक्यांच्या मधे जळत्या टोकातून निघणारा हा धूर कोणाच्याही छातीतून किंवा फिल्टरमधून गाळून येत नाही. शेजाऱ्याच्या नाकात जाणाऱ्या धुरातला मोठा वाटा त्याचाच असतो. म्हणजे हिरिरीने ओढणाऱ्यापेक्षा विसरभोळा माणूस शेजारी म्हणून अधिक त्रासदायक. प्रवासमार्गदर्शक पुस्तकांनी हा भेद लक्षात घेतलेला दिसत नाही.

‘आमच्याकडे हवा खेळती ठेवण्याची अत्याधुनिक यंत्रणा आहे,’ असे बहुतेक कॅसिनो सांगतात, आणि ते खोटे नसते. मोठमोठे पंखे बाहेरची हवा आत आणतात, आतली बाहेर टाकतात, आणि डोळे पूर्वीइतके चुरचुरत नाहीत. मात्र अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने या प्रश्नाचा निकाल लावून टाकला आहे. दुसऱ्याच्या धुराचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही; आणि ओढणारे वेगळे बसवून, हवा गाळून किंवा खेळती ठेवून हा धोका पूर्ण जात नाही. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायने असतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. गाळणीत धुराचे कण काही अंशी अडकतात, पण वायू बराचसा निसटतो. दोन गल्ल्या सोडून बसणाऱ्याला धूर कमी मिळतो आणि समाधान जास्त मिळते.

वासावर आणखी एक उपाय योजला जातो, तो म्हणजे वासच. अनेक कॅसिनो वातानुकूलनाच्या नळ्यांतून सुगंध सोडतात. एकात नारळाचा भास होतो, दुसऱ्यात फुलांचा. सुगंधामुळे मशीनमध्ये जास्त पैसे पडतात असे दाखवणारा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्धही झाला होता. धूर यामुळे नाहीसा होत नाही. तो नटूनथटून येतो, एवढेच. याच नळ्यांतून खेळाडूंना जागे ठेवण्यासाठी प्राणवायू सोडतात, ही समजूत मात्र निव्वळ दंतकथा आहे. मारिओ पुझो यांच्या १९७८ सालच्या ‘फूल्स डाय’ या कादंबरीने तिला बराच हातभार लावला. ज्या दालनात शेकडो माणसे काड्या आणि लायटर पेटवत बसली आहेत, तिथे जादा प्राणवायू सोडण्याचा सल्ला कोणताही विमा कंपनीवाला देणार नाही.

आता प्रत्यक्ष उपाय. सर्वांत स्वस्त उपाय वेळेचा. पहाटे चार ते आठ या वेळात जुगाराचा मजला जवळजवळ ओस असतो. झाडूवाले कामाला लागलेले असतात आणि रात्रीचा ऐवज हरलेले चारदोन जण मशीनशी अबोला धरून बसलेले असतात. इतरांना ही वेळ गाठणे कठीण. भारतातून थेट आलेल्याला सोपे. उन्हाळ्यात वेगास भारतापेक्षा साडेबारा तास मागे असते, त्यामुळे पाहुणा पहाटे तीनलाच टक्क जागा होऊन चहाची तजवीज करू लागतो. जेट लॅगचा आरोग्याला फायदा होण्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग असावा.

दुसरा उपाय जागेचा. पोकरची खोली बहुतेक ठिकाणी धूरमुक्त असते, कारण तिथे खेळाडू तासन्‌तास दाटीने बसतात आणि एकमेकांच्या सवयींवर त्यांचे बारीक लक्ष असते. ब्लॅकजॅकची काही टेबले ‘धूम्रपान निषिद्ध’ अशा पाटीची असतात. ती पाटी टेबलापुरती असते. पाठीमागच्या टेबलावरचा धूर पाट्या वाचत नाही. धूर कमी म्हणून भलत्याच टेबलावर बसण्यातही धोका आहे. दोन शून्यांच्या अमेरिकी रूलेटवर लावलेल्या दर शंभर डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर कॅसिनोला जातात. अलीकडे वेगासमध्ये दिसणाऱ्या तीन शून्यांच्या चाकावर पावणेआठच्या जवळपास. स्वच्छ हवेच्या मोहात माणूस तिसऱ्या शून्याकडे पाहत नाही.

तिसरा उपाय खास मराठी आहे. तो म्हणजे सूचक खोकला. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात दोनदा अर्थपूर्ण खाकरले की पाहुणा सिगारेट घेऊन गॅलरीत जातो. वेगासमध्ये या खोकल्याचा अर्थ कोणालाच लागत नाही. शेजारचा फार तर पाण्याची बाटली पुढे करतो आणि त्यासाठी सिगारेट दुसऱ्या हातात घेतो. नाकाला पदर, ओढणी किंवा रुमाल लावल्याने निषेध नोंदवला जातो. कण आणि वायू दोन्ही आत येतच राहतात. एन-९५ मास्क कण बऱ्यापैकी अडवतो, वायू आणि वास नाही. करोनाच्या काळात नेवाडात मास्क सक्तीचा होता तेव्हाही सिगारेट ओढण्यापुरता तो खाली घेण्याची मुभा होती, यावरून प्राधान्यक्रम समजावा.

धूर टाळण्यासाठी बाहेर पडणे हा उपाय सकृद्दर्शनी उत्तम. पण जुलै २०१७ पासून नेवाडात गांजाची किरकोळ विक्री कायदेशीर आहे. रस्त्यावर आणि कॅसिनोत तो ओढायला परवानगी नाही. तरी संध्याकाळी स्ट्रिपच्या, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्याच्या, पदपथावर चालताना नाशिकच्या कुंभमेळ्याला जाऊन आलेल्या माणसाला वास ओळखीचा वाटू शकतो.

खोली ठरवताना एक भेद लक्षात ठेवावा लागतो. ‘धूम्रपानमुक्त खोली’ वेगळी आणि धूम्रपानमुक्त इमारत वेगळी. पहिलीत रात्र चांगली जाते, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तीच. दुसरी मिळाली तर वरचे सारे उपाय विसरता येतात. स्ट्रिपवरचे पार्क एमजीएम, म्हणजे पूर्वीचे माँटे कार्लो, टाळेबंदीनंतर ३० सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा उघडले ते कॅसिनोसकट पूर्ण धूरमुक्त होऊन. स्ट्रिपवरच्या मोठ्या कॅसिनो-हॉटेलांत असे करणारे ते पहिले. जवळचे व्हडारा आणखी एक पाऊल पुढे आहे: तिथे सिगारेट नाही आणि कॅसिनोही नाही. जुगार बघायचाच असेल तर तिथून बेलाजिओ चालत गाठता येते. सहल कंपनीला आरक्षणाआधी ‘हॉटेलातून बेलाजिओची कारंजी दिसतात का’ असे विचारणारे पुष्कळ असतात. लिफ्टकडे जाण्याची वाट कुठून आहे, हे विचारणारे फार थोडे. दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

आणि कपडे. दोन तासांच्या मुक्कामात धूर केसांत, लोकरीत आणि जॅकेटच्या अस्तरात वस्तीला येतो. कॅसिनोसाठी एकच जोड ठेवावा, तो वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा आणि ती पिशवी चिवडा व थालीपीठांपासून लांब ठेवावी. भाजणीला वास फार लवकर लागतो.

दोन दिवसांच्या पाहुण्याचे एवढ्यावर भागते. डीलरचे भागत नाही. त्याला आठ तास त्याच टेबलाशी उभे राहायचे असते आणि पत्ते वाटताना तोंड फिरवता येत नाही. न्यू जर्सीच्या २००६ च्या कायद्यानेही अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंना सूट दिली. तिथे पाव मजल्यावर धूम्रपान चालते, आणि त्याविरुद्ध तिथल्या कामगारांनी २०२४ साली कोर्टात धाव घेतली. कामगारांना आपल्या टेबलाचा पाव भाग निवडता येत नाही, ही त्यातली गोम. बंदी आली तर गिऱ्हाईक पळेल, असे मालक सांगतात. मकावने त्याची फिकीर न करता टप्प्याटप्प्याने सगळे आटोपले: २०१३ पासून निम्मा मजला, ऑक्टोबर २०१४ पासून सर्वसाधारण मजला, २०१९ पासून बड्या खेळाडूंची खास दालनेही. ओढायचे असेल त्याने खेळ सोडून बंद खोलीत जावे. अमेरिकेतल्या नावाहो या मूलनिवासी राष्ट्राने २०२१ साली ‘हवा म्हणजे जीवन’ या अर्थाच्या नावाचा कायदा करून आपले कॅसिनोही धूरमुक्त केले. त्यांतला एक फ्लॅगस्टाफजवळ आहे, ग्रँड कॅन्यन पाहून पूर्वेकडे निघालेल्यांच्या वाटेवर.

गोव्यात प्रश्न सौम्य आहे. १९९७ पासून राज्याचा धूम्रपान व थुंकण्याविरुद्धचा कायदा आहे. त्यात भर म्हणून २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. मोठ्या हॉटेलांत धूम्रपानाची जागा ठेवायचीच असेल तर तिला चारी बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती लागतात; टेबलाच्या पाटीवर भागत नाही. शिवाय मांडवीतल्या कॅसिनोची जहाजे जहाजेच असल्याने आत कोंदटलेच तर डेक आहे, वारा आहे, समोर पणजीचे दिवे आहेत. खुद्द गोवेकरांना फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला जायची बंदी आहे, त्यामुळे त्यांचा प्रश्न मुळातच सुटला.

महाराष्ट्राने याहून भक्कम उपाय केला. राज्याने १९७६ साली कॅसिनोंच्या नियंत्रणाचा आणि करवसुलीचा कायदा संमत केला, तो कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत राज्यात कायदा होता. त्या कायद्याखालचा एकही कॅसिनो नव्हता.