नळराजाचं घोस्टिंग

माझा पुतण्या सोलापूरला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जातो. संध्याकाळच्या एस.टी.नं नळदुर्गला परतला की शंका मला विचारतो, कारण मी हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं. आजवर प्रिपोझिशनवर भागत होतं. परवा त्यानं वही उघडली तर वर मथळा: 'प्रेम आणि डेटिंग'. खाली घोस्टिंग, कॅटफिशिंग, विंगमन, लव्ह बॉम्बिंग, सिच्युएशनशिप.

आमच्या वेळच्या इंग्रजीत प्रेम फक्त प्रयोग बदलायला असायचं. 'राम लव्हज सीता', करा कर्मणी: 'सीता इज लव्ड बाय राम'. दोन गुण पदरात पडले की प्रेम संपलं. नव्या शब्दांना उडवून लावावं म्हटलं, तर ऑक्सफर्डवाल्यांनीच २०२३ सालचा शब्द म्हणून 'रिझ' निवडलेला, म्हणजे समोरच्याला भुलवायची हातोटी. त्या वर्षीच्या अंतिम यादीत 'सिच्युएशनशिप'ही होती. ज्या डिक्शनरीच्या जोरावर मी पोरांना छड्या मारल्या, तीच पोरांना सामील झाली. आता कुणाकडं दाद मागायची?

"काका, घोस्टिंग म्हंजे?"

"काही न सांगता गायब होणं. फोन नाही, मेसेज नाही."

ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "मंजी नळराजावानी."

मी गप्पच झालो. आमचा किल्ला ज्याच्या नावानं सांगतात, त्या नळाचं चरित्र काय? द्यूतात राज्य घालवलं, अंगावरचं वस्त्र पाखरांनी पळवलं, मग रानात दमयंती झोपलेली असताना तिचंच अर्धं वस्त्र कापून घेऊन गडी पसार. हल्लीचे गायब होणारे निदान ओढणी तरी कापून नेत नाहीत.

मग वही भराभर पुढं सरकली. कॅटफिशिंग, म्हणजे भलत्याचं रूप दाखवून प्रेम जमवणं. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचंच रूप घेऊन बसले होते. प्रोफाइल पाच, फोटो एक. त्यावर तिनं काय पाहिलं? देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, पाय भुईला टेकत नाहीत. घामेजला तो नळ! ही खूण विदर्भातल्या पोरीलाच सुचावी. वैशाखात आमच्या बसस्टँडवर उभा राहून जो कोरडा दिसतो, त्याच्याशी आजही कुणी सोयरीक करू नये. विंगमन म्हणजे मुलीपुढं मित्राची बाजू लावून धरणारा. शब्द लढाऊ विमानांच्या ताफ्यातून आलेला, पण नळाच्या हंसाला खरोखरचे पंख होते.

लव्ह बॉम्बिंगला महाभारत पुरेना, तेव्हा मी साहेबाकडं वळलो. १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा मेडोज टेलर १८५०च्या दशकात नळदुर्गलाच अधिकारी होता. त्याचे ठग वाटसरूला गाठून गोड गोड बोलायचे, सोबत करायचे, जीव लावायचे आणि मग गळ्यात रुमाल. आता रुमालाऐवजी ओटीपी मागतात, एवढाच फरक.

अडलं ते सिच्युएशनशिपवर.

"नातं असतं," मी सांगितलं, "पण त्याला नाव नसतं. कुणी कुणाला काही लिहून द्यायचं नाही."

"आन् का बरं लिहून द्यायचं न्हाई?" आईनं शेंग बाजूला ठेवली. "देव देतोय की!"

ती खंडोबाबद्दल बोलत होती. मूर्ती एक, देवळं दोन: एक अणदूरला, एक आमच्या मैलारपूरला. पावणेदोन महिन्यांच्या आसपास देव आमच्याकडं, बाकी वर्षभर अणदूरला. आणि हलवायचा म्हटलं की दोन्ही गावचे लोक लेखी करार करतात. साक्षात मार्तंड भैरवाला कागदाशिवाय सोडत नाहीत, तिथं तुमच्या सिच्युएशनशिपला कोण विचारतो! पण याच खंडोबानं बाणाईसाठी धनगरवाड्यात मेंढरं राखली आणि लग्नही इथंच नळदुर्गात लावलं असं मानतात, तेही म्हाळसा घरात असताना. याला इंग्रजीत काय म्हणतात, हे पोरानं विचारायच्या आत मी पान उलटलं.

शेवटी गृहपाठ. 'डेट' हा शब्द न वापरता डेटबद्दल एक वाक्य लिहायचं होतं. पोरानं पेन चावलं आणि एकदम लिहिलं, 'मी माझ्या फ्रेंडबरोबर नर-मादी बघायला गेलो.' अर्थात इंग्रजीत. नर-मादी म्हणजे पाणीमहालाच्या बांधावरून कोसळणारे आमचे दोन धबधबे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत बोरी नदीवर हा बांध घातला आणि त्याच्या पोटात महाल बसवला. नदी भरून आली की दोघंही शेजारी शेजारी उड्या घेतात. सोलापूरपासूनची तरुण मंडळी तिथं सेल्फीला येतात आणि पायऱ्यांवर दोघादोघांत बरोबर तेवढंच अंतर ठेवून बसतात.

मी वाक्य तपासलं. भूतकाळ ठीक, प्रिपोझिशन ठीक. फ्रेंड या नामाचं लिंग इंग्रजीत कळत नाही, म्हणून तीही अडचण नव्हती. मी बरोबरची खूण केली आणि आईला मराठीतून वाचून दाखवलं.

आईनं सूप खाली ठेवलं, नातवाकडं नीट बघितलं आणि विचारलं, "तिचं आडनाव काय रं?"