विसार आणि खरेदीखत यांच्या दरम्यानचे इतिहाससंशोधन

जळगावात किंवा धुळ्यात घराचा सौदा 'पक्का झाला' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्याचा शास्त्रीय अर्थ इतकाच असतो की उभय पक्षांनी चहा घेतला असून घेणाऱ्याने विसार, म्हणजे सौदा मोडू नये म्हणून आगाऊ द्यावयाची रक्कम, मोजलेली आहे. पुढे साठेखत, म्हणजे भविष्यात विक्री करण्याचा करार, होते. त्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही असे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 54 सांगते, मात्र तोवर घेणाऱ्याच्या घरी पडद्यांचा रंग ठरलेला असतो.

येथून संशोधनकाल सुरू होतो. जुनी दप्तरे धुंडाळण्यात हयात घालवलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 मध्ये धुळ्यात निवर्तले व त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. परंतु त्यांचे व्रत आज खानदेशात खऱ्या अर्थाने गृहखरेदीदारच चालवीत आहेत. त्यांना मोडी येत नाही. मात्र वकिलाने मागील 30 वर्षांच्या नोंदी तपासून दिलेला शोध अहवाल वाचताना, त्यापेक्षा मोडी सोपी गेली असती असे त्यांना वाटते.

या संशोधनाचा सर्वांत मौलिक शोध म्हणजे विकणाऱ्याची बहीण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकींनी माहेरी यावे, झोका घ्यावा, ही खानदेशची रीत. परंतु जिला कित्येक आखाज्या कोणी मुराळी, म्हणजे माहेरी न्यावयास येणारा माणूस, धाडला नाही, तिला हक्कसोडपत्रासाठी, म्हणजे वडिलार्जित मिळकतीतील वाटा सोडल्याच्या नोंदणीकृत दस्तासाठी, भाऊ स्वतः गाडी घेऊन आणावयास जातो. योगायोग असा की 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात केवळ महिलेच्या नावे घेतलेल्या घरास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, त्यामुळे ज्या दुय्यम निबंधक कचेरीत एका घरची लेक हक्क सोडते, तेथेच दुसऱ्या घरची सून मालकीण होते, आणि दोन्ही प्रसंगी हिशेब पुरुषांनीच केलेला असतो.

उरलेला विधी थोडक्यात सांगता येतो. शुल्क ठरलेली किंमत व सरकारी दर यांपैकी जे अधिक त्यावर, नोंदणी फी 1 टक्का परंतु कमाल 30,000 रुपये, आणि सही झाल्यापासून दस्त 4 महिन्यांत नोंदणीस सादर करावयाचा. अंगठे उठतात, छायाचित्रे निघतात, पेढे वाटले जातात. नंतर फेरफार, म्हणजे सरकारी दप्तरातील नावबदल, यथावकाश होतो.

विजेचे बिल तोवर जुन्याच मालकाच्या नावे येत राहते.