ट्रकतात्या

परदेशातल्या मराठी घरांत शेजाऱ्यांची बारशी नव्याने करायची पद्धत आहे. माणूस समोर उभा असताना त्याच्याबद्दल मराठीत बोलायचं असतं आणि त्याचं खरं नाव तोंडातून गेलं की तो वळून बघतो. म्हणून डॅलसच्या उत्तरेला आमच्या गल्लीत एक गोडबोले आहेत, ते आयर्लंडचे. एक मावशी आहेत, त्या कोरियन. आणि आमच्या बरोबर समोर तात्या आहेत. तात्या मूळचे ओक्लाहोमाचे. उंची सव्वासहा फूट, पोटावर तळहाताएवढं बक्कल, डोक्यावर बियाणांच्या कुठल्याशा दुकानाने फुकट दिलेली टोपी. टोपीचा मूळ रंग आता त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंनाही सांगता येत नाही.

तात्या हे एकट्याचं नाव नव्हे, तो एक वाण आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही उपनगरात दोन-तीन गल्ल्या फिरा, एक तात्या सापडतोच. ओळखायची खूण सोपी. गॅरेज दोन गाड्यांचं असतं आणि दोन्ही गाड्या बाहेर उन्हात असतात, कारण आत हत्यारं राहतात. ह्या माणसाला रिकामं बसवत नाही आणि दुसऱ्याने केलेलं काम पसंत पडत नाही. हे दोन गुण एकत्र आले की दारात डिझेलचा पिकअप येतो.

आमच्या तात्यांचा ट्रक म्हणजे २००१ सालचा डॉज राम २५००. बॉनेटखाली सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं कमिन्स. नुसत्या इंजिनाचं वजन अर्ध्या टनाच्या आसपास. पहाटे सहाला तात्यांनी किल्ली फिरवली की आमच्याकडे कपाटातल्या बश्या जाग्या होतात. ट्रक कशासाठी घेतला, ह्याला तात्यांचं उत्तर तयार आहे: मागे घरगाडी ओढायला. ती घरगाडी वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, कोलोरॅडोला जाते. उरलेलं वर्षभर ट्रक काकूंच्या गुलाबांसाठी पालापाचोळ्याच्या खताची पोती आणतो. पण ट्रकच्या पुस्तकात देखभालीची दोन वेळापत्रकं आहेत. शेड्युल ए साध्या माणसांसाठी. शेड्युल बी ओझी ओढणाऱ्या, धुळीत नि कडक उन्हात राबणाऱ्या गाड्यांसाठी. शेड्युल ए पाळणारा तात्या मी अजून बघितलेला नाही. खताची चार पोती आणणारासुद्धा स्वतःला बी वर्गातच गणतो, आणि त्यामुळे त्याला ट्रान्समिशनचं तेल लवकर लवकर बदलायला मिळतं.

डिझेल पिकअपवाल्यांत तीन पंथ आहेत. फोर्डच्या पॉवर स्ट्रोकचा एक, जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्सचा दुसरा, आणि १९८९ पासून डॉजमध्ये बसू लागलेल्या कमिन्सचा तिसरा. पंथांतर जवळजवळ होत नाही. सोयरीक होते, पण लग्नात दोन्हीकडचे व्याही पार्किंगमध्ये एकमेकांची बॉनेटं उघडून टोमणे मारतात. तात्या कट्टर कमिन्सवाले. त्यांच्या दृष्टीने इंडियाना राज्यातलं कोलंबस गाव, जिथे ही कंपनी आहे, ते क्षेत्र.

आणि इथेच आमचं नशीब उघडलं. ओळखीच्या पहिल्याच गप्पांत त्यांनी माझ्या बायकोला, कुठे शिकलात, असं विचारलं. ती सहज म्हणाली, "पुण्याला, कमिन्स कॉलेजमध्ये." तात्यांचा हातातला ग्लास तसाच राहिला. मग तिला सगळं सांगावं लागलं. १९६२ साली पुण्यात किर्लोस्करांबरोबर कमिन्सची इंजिनं बनू लागली, पुढे १९९१ मध्ये कर्वे संस्थेने कर्वेनगरला मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, त्याला कमिन्सचं नाव आहे. नाव आहे एवढंच तिला म्हणायचं होतं. ती तिथे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शिकली. चार वर्षांत तिचा नि डिझेलचा संबंध बसने जाण्यापुरता. पण तात्यांनी पुढचं काही ऐकलंच नाही. तेव्हापासून ते तिला नावाने हाक मारत नाहीत. "कमिन्स!" असं ओरडतात, आणि आलेल्या-गेलेल्याला सांगतात, समोरच्या बाईंचं सगळं शिक्षण कमिन्समध्ये झालंय. मला ते "तिचा नवरा" म्हणून ओळखतात.

तात्यांच्या शास्त्रात तेलांची उतरंड आहे. इंजिनाचं तेल कोणीही बदलावं, कोपऱ्यावरच्या पोराकडून बदलून घेतलं तरी पाप नाही. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल मात्र वेगळं. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल नुसतं दात बुडवून ठेवतं. ऑटोमॅटिकमध्ये तेलच नोकरीला असतं. इंजिन आणि चाकं ह्यांच्यामध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर, आणि त्यात फिरणारं तेल एका पंख्याचं बळ दुसऱ्याला देतं. गिअर पडतो तोही तेलाच्या दाबाने. आतल्या क्लचच्या चकत्या तेलातच भिजत घासतात, आणि घाट चढताना झालेला सगळा ताप तेलच उचलून पुढच्या कूलरकडे नेतं. "गिअर कोण टाकतो? तेल टाकतं!" असं म्हणून तात्या आपलं बक्कल थोपटतात. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला, पुढे महायुद्धात तोच हलक्या रणगाड्यांत गेला, हे ते त्यांच्या पंथाबाहेरचं असूनही मोठ्या मनाने सांगतात. पूर्वी ह्या तेलात स्पर्म व्हेलचं तेल असायचं, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बंदी आली आणि कंपन्यांची धावपळ उडाली, हेही. हे ऐकल्यावर आमच्या मुलीने ट्रककडे पाहून विचारलं, "ह्यात मासा आहे?" तात्यांनी तिला अतिशय गंभीरपणे, आता नाही, असं सांगितलं.

तेल बदलावं की बदलूच नये, ह्यावरही दोन तट आहेत. दुसऱ्या तटाचं म्हणणं असं की, लाखभर मैल जुन्याच तेलावर चाललेल्या गिअरबॉक्समध्ये नवं तेल घातलं की तो बसतो. ह्या भीतीत अगदीच तथ्य नाही असं नाही, पण क्रम उलटा लावलेला असतो. जन्मात डॉक्टर न पाहिलेल्या आजोबांना शेवटी उचलूनच दवाखान्यात नेतात, आणि मग घरचे म्हणतात, दवाखान्यात नेलं नि गेले. गिअरबॉक्स घसरू लागल्यावर लोक तेलाकडे वळतात, आणि गेला की खापर तेलावर फोडतात. तात्या ह्या वादात पडत नाहीत. त्यांच्या ट्रकच्या गिअरबॉक्सने जुनं तेल असं कधी पाहिलेलंच नाही.

मुहूर्ताची चाहूल आम्हाला दुधावरून लागते. निघालेलं तेल किती हे मोजल्याशिवाय किती भरायचं ते कसं कळणार? त्यासाठी तात्यांना गॅलनची, अर्धपारदर्शक, दुधाची रिकामी कॅन लागतात. रिकामी कॅन म्हणजे आधी दूध संपवायला हवं. घरात माणसं दोन, त्यांतल्या काकूंना दूध पचत नाही. मग काकू दोन कॅन आमच्याकडे घेऊन येतात आणि ओशाळून विचारतात, तुम्हाला चालेल का? आम्हाला चालतं. तात्यांचं तेल बदलायचं ठरलं की आमच्याकडे बासुंदी होते. "कॅन धुऊन परत दे, ओलं नको," एवढीच तात्यांची अट असते.

वसाहतीच्या मंडळाचा नियम आहे की घरापुढे वाहनदुरुस्ती करू नये. तात्यांना तसं पत्रही येतं. ते फ्रिजवर लावतात आणि उत्तर धाडतात: "दुरुस्ती मोडलेल्या गोष्टीची होते. माझं काही मोडलेलं नाही."

शनिवारी सकाळी ट्रक आधी एक चक्कर मारून येतो, तेल गरम व्हायला. मग खाली पुठ्ठे, पुठ्ठ्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर भली मोठी परात आणि परातीशेजारी तात्या. ट्रक एवढा उंच की जॅक लावावा लागत नाही. ह्या गिअरबॉक्सच्या पॅनला तळाला बूच नाही. चौदा बोल्ट सोडायचे आणि अख्खा पॅनच उतरवायचा. बूच असतं तर काम सोपं झालं असतं, असं मी एकदा म्हणालो. तात्यांनी ट्रकखालूनच उत्तर दिलं, "सोपं झालं असतं तर ते फोर्डवाल्यालाही आलं असतं."

पॅन उतरवायचं तंत्र त्यांनी बसवलेलं आहे. मागच्या एका कोपऱ्याचे बोल्ट काढायचे, पुढचे नुसते सैल करायचे, म्हणजे पॅन त्या कोपऱ्याला झुकतो आणि लाल धार शिस्तीत परातीत पडते. तंत्र निर्दोष आहे. पॅनला मात्र ते मान्य नसतं. जुनं पॅकिंग क्षणभर चिकटून राहतं, मग एकदम सुटतं, आणि धार दुसऱ्याच कोपऱ्यातून येऊन तात्यांच्या बाहीत शिरते, ती बहुधा बक्कलापाशी निघत असावी. ट्रकखालून अशा वेळी जे शब्द येतात ते काकू रेडिओवरच्या फुटबॉलचा आवाज वाढवून झाकतात. सांडलेल्यावर मांजराच्या शीची वाळू पसरतात. तात्यांकडे मांजर नाही. वाळूचं पोतं कायम असतं.

खरा सोहळा पुढे आहे. पॅनच्या तळाशी एक गोल चुंबक असतो, झिजलेलं लोखंड धरून ठेवायला. तात्या बाहेर येतात, चष्मा बदलतात, चुंबकावरचा करडा लगदा बोटावर घेतात आणि अंगठ्याने चोळतात. मऊ लागला तर ठीक, क्लच आणि गिअर वयानुसार झिजतायत. खरखरीत लागला, चमकते कण दिसले, तर आत काहीतरी तुटतंय. तेवढा वेळ गल्लीत कोणी बोलत नाही. डीलरकडे काही शे डॉलर देऊन हेच काम होतं, तुम्ही टॉर्क रेंचवरच त्याहून जास्त घातले असतील, असा हिशेब मी एकदा मांडला होता. तात्या म्हणाले, "डीलर मला चुंबक दाखवतो का?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या लगद्यातून जे कळतं ते बिलावर छापलेलं नसतं, हे खरंच आहे. तेलाचा ते वासही घेतात. ह्या तेलाचा लाल रंग कायमचा नसतो, तपकिरी झालं म्हणून बाद ठरवू नये, असं कंपनीच सांगते. तात्या ते वाचूनही रंग बघतात नि वास घेतात.

मग आतला बँड. इंच-पाउंडाचा छोटा रेंच घेऊन तो ७२ वर आवळायचा आणि तीन फेरे उलटा सोडायचा. फेरे मोजताना तात्यांशी बोललं की ते पहिल्यापासून सुरू करतात. नवा फिल्टर, नवं पॅकिंग, चौदा बोल्ट, आणि पॅन वर. एवढं करूनही बाहेर आलेलं असतं ते जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं तेल; बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत दडलेलं असतं. म्हणून काही तात्या कूलरची नळी सोडून, इंजिन चालू ठेवून, थोडं काढत थोडं भरत सगळंच बदलतात. आमचे तात्या त्याऐवजी महिन्याभराने पॅन पुन्हा उतरवतात. मला वाटतं, त्यांना पॅन उतरवायलाच आवडतो.

सगळ्यात कठीण काम शेवटी असतं, पातळी बघणं. बहुतेक गाड्यांची पातळी पार्कमध्ये बघतात. ह्या घराण्याच्या गिअरबॉक्समध्ये पार्कात असताना कन्व्हर्टरकडे तेल जातच नाही, त्यामुळे ती न्यूट्रलमध्येच बघावी लागते. म्हणजे इंजिन चालू, पार्किंग ब्रेक लावलेला, आणि ब्रेकवर काकूंचा पाय. काकू कादंबरी घेऊन बसतात. तात्या बंपरवर चढून, कमरेपर्यंत इंजिनात वाकून, "रिव्हर्स! न्यूट्रल! ड्राइव्ह!" ओरडतात, कमिन्सच्या आवाजात काकूंना एक अक्षर ऐकू येत नाही, पण इतक्या वर्षांत त्यांना टोपीच्या हालचालीवरून गिअर कळतो.

आणि ती कांडी! नळीच्या कडेला लागलेलं तेल तिला चिकटतं, म्हणून एका बाजूने भरलेलं दिसतं, दुसऱ्या बाजूने रिकामं. गेल्या खेपेला तात्या म्हणाले भरलं, मी म्हणालो कमी आहे. काकूंनी मत दिलं नाही; त्या प्रकरणाच्या ऐन रंगात होत्या. तात्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून हाळी दिली, "कमिन्स!"

ती कणकेच्या हातांनी बाहेर आली. तात्यांनी कांडी तिच्यापुढे आडवी धरली. ती मला मराठीत म्हणाली, "अरे, ह्यातलं मला काय कळतंय?" मी म्हणालो, "काहीतरी सांग, काकूंचा पाय आखडलाय." तिने मान तिरकी केली, उजेडाकडे डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अर्धा कप घाला अजून."

तात्यांनी अर्धा कप घातला. इंजिन बंद झालं. कोणी उलटतपासणी केली नाही.

दुपारी दुधाची कॅन घेऊन तात्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. तिथे वापरलेलं तेल फुकट घेतात. बरोबर मीही होतो. काउंटरला तिन्ही पंथांचे म्हातारे टेकलेले होते. कांडीचा विषय निघालाच. तात्या म्हणाले, "पुण्यात ते कपाने मोजतात." कमिन्स आणि पुणे हे दोन शब्द त्यांनी असे काही जोडून उच्चारले की ड्युरामॅक्सवालाही गप्प बसला. फोर्डवाला तेवढा खवचट. तो म्हणाला, "कुठला कप?"

येताना तात्या गाडीत एक शब्द बोलले नाहीत. अमेरिकन कप म्हणजे पाव क्वार्ट, पण पुण्याचा? घरी पोचताच ते ट्रकमधून उतरून थेट आमच्या दारात आले आणि तिला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, "चहाचा."

तात्यांनी तो कप मोजायला म्हणून नेला आहे.