पाइपपेटीवाले काका

ऑर्गन म्हटलं की मराठी माणसाला संगीत नाटकातली पायपेटी आठवते, आणि बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या आमच्या काकांचा तिथेच रक्तदाब चढतो. "ती पायपेटी. मी म्हणतोय ती पाइपपेटी! पायपेटीत पाय भाता मारतात, पाइपपेटीत पाय सूर वाजवतात." हे पटलं नाही, तर काका चप्पल काढून टेबलाखाली खर्जातले चार सूर पायांनी वाजवून दाखवतात. शेजारच्याचा अंगठा बहुधा षड्ज होतो.

हे खूळ कबन रोडवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमधलं. चर्च 1866 सालचं, ऑर्गन हडर्सफील्डच्या कोनाकर कंपनीचा, 1881 मधला. कारखान्यातल्या सहकाऱ्याच्या लग्नाला काका गेले होते. 'अक्षता कुठायत?' असं कुजबुजत असतानाच मार्च सुरू झाला आणि काका उभे राहिले ते, म्हणे, अजून बसलेले नाहीत. आता तिथल्या लग्नांना ते मागच्या बाकावर असतात, बोलावणं असो वा नसो. केकला शिवत नाहीत. मार्च संपला की एच.एम.टी.च्या घड्याळात बघतात, वहीत मिनिटं टिपतात आणि निघतात.

"मार्च, आणि ढोल नाही!" हे त्यांचं पालुपद. "पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज तेवढाच. मग ठेका आणायचा कुठून? दोन सुरांमध्ये बारीकशी फट ठेवून!" एवढं मात्र मला मनापासून पटलं.

काकांचं खरं सोवळं दोन मार्चांबद्दल. वधू आत येताना वॅग्नर, जोडपं बाहेर पडताना मेंडेल्सन. मेंडेल्सनचा मार्च 1842 चा, नाटकासाठी वाद्यवृंदाला लिहिलेला. 1858 साली व्हिक्टोरिया राणीची थोरली लेक तो ऐकत बोहल्यावरून (काकांचाच शब्द) बाहेर पडली आणि रीत पडली. सिनेमात हे उलटसुलट करतात, म्हणून काकांनी सिनेमा सोडला.

माझ्या बहिणीच्या लग्नात तिनं हट्ट धरला, "मी मंडपात येताना तोच, टॅण-टटॅणवाला."

"अगं, तो जाण्याचा आहे!" तीन दिवस काका जेवले नाहीत, म्हणजे रात्रीचे. शेवटी विरघळले. 'चर्च ऑर्गन'चं बटण असलेला कीबोर्ड आला. खोलीपासून बोहल्यापर्यंतची पावलं मोजली: पँटमध्ये एकतीस, नऊवारीत चव्वेचाळीस.

मुहूर्ताला अकरा मिनिटं होती. मामांनी बहिणीचा हात धरला, काकांनी पट्ट्यांवर दहाही बोटं टाकली आणि स्पीकरनं छताची धूळ पाडली. गुरुजी दचकले. मुहूर्त टळला की काय, या धसक्यानं ओरडले, "गट्टिमेळ! गट्टिमेळ!" नादस्वर आणि तविल एकदम कडाडले. बंगळुरात गट्टिमेळ झाला, की लग्न लागलं. मंडळींनी समोर जो कोणी दिसला त्याच्यावर, म्हणजे एकट्या नवरदेवावर, अक्षता टाकल्या आणि होळिगे, बिसिबेळे भाताच्या पहिल्या पंगतीकडे वळली. खाली तविल, वर मेंडेल्सन, मध्ये दोनशे माणसं, एका पावलात.

बहीण दारात आली तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या होत्या आणि अंतरपाटाआडून नवरा डोकावत होता.

काकांनी एकही सूर न गाळता मार्च पुरा केला आणि घड्याळात पाहिलं.

"सांगत होतो ना, हा जाण्याचा आहे."